रात्री तीनला डोळे टक्क उघडतात: स्ट्रेस हॉर्मोन आणि झोप, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नर्सिंगच्या मुलींना फिजिऑलॉजी शिकवते. अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा धडा आला की दरवर्षी तास संपल्यावर कुणीतरी मागं थांबतं आणि हळूच विचारतं, मॅडम माझ्या आईला रात्र रात्र झोप येत नाही, ते ह्यामुळंच का हो? मग तेच प्रश्न सोसायटीच्या जिन्यात, लग्नाच्या पंगतीत, व्हॉट्सअ‍ॅपवर. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, कुणाला गोळ्या सांगणार नाही, पण आत काय चाललेलं असतं ते कळलं तर निम्मी भीती जाते असा माझा स्वतःचा अनुभव आहे, तो पुढं येईलच.

स्ट्रेस हॉर्मोन म्हणजे कॉर्टिसॉलच ना?

रील्स बघून असंच वाटतं खरं. पण ही एक साखळी आहे आणि कॉर्टिसॉल तिचं शेवटचं टोक. सुरुवात होते मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या बोराएवढ्या भागात. काळजीचं काही घडलं की तिथनं सीआरएच नावाचं रसायन सुटतं, ते खाली पिट्युटरी ग्रंथीला सांगतं, पिट्युटरी एसीटीएच रक्तात सोडते, आणि ते रक्तातनं फिरत किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींपर्यंत गेलं की तिथं कॉर्टिसॉल बनतं. म्हणजे कॉर्टिसॉल मेंदूत तयारच होत नाही, ते पोटातनं मेंदूत परत येतं. आणि परत येऊन करतं काय, तर हायपोथॅलॅमसला म्हणतं, मिळालं रे बाबा, आता बास कर. म्हणजे हा गडी आग लावतो तसा विझवतोही, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

गंमत म्हणजे आपल्याला हे कळलं ते उलट्या क्रमानं. अ‍ॅड्रिनलच्या हॉर्मोनवर केंडल, राइखश्टाइन आणि हेंच ह्यांना १९५० साली नोबेल मिळालं, आणि साखळीचं पहिलं टोक, म्हणजे सीआरएच, वायली व्हेल ह्यांच्या टीमनं ओळखून दाखवलं ते १९८१ साली. तोपर्यंत कॉर्टिसॉलचं नाव एवढं झालं होतं की सगळा दोष त्याच्याच माथी बसला.

मग अ‍ॅड्रेनलिन? छातीत धडधडतं ते?

धडधड त्याचीच. पण रक्तातलं अ‍ॅड्रेनलिन मेंदूत फारसं शिरू शकत नाही, मधे गाळणीसारखा पडदा आहे. मेंदू आपलं वेगळं बनवतो, नॉरअ‍ॅड्रेनलिन, आणि त्याचा मुख्य कारखाना म्हणजे मानेच्या वर, मेंदूच्या देठात असलेला एक चिमुकला ठिपका. लोकस सेरुलियस त्याचं नाव, लॅटिनमधे अर्थ निळी जागा. पेशी मोजल्या तर काही दहा हजारच, पण त्यांचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेत. जागेपणी ह्या पेशी टिकटिक करत असतात, झोप लागली की मंदावतात आणि स्वप्नांच्या झोपेत तर जवळजवळ गप्प होतात. म्हणजे दिवसाच्या चोवीस तासात मेंदूला नॉरअ‍ॅड्रेनलिनपासून खरी सुट्टी मिळते ती स्वप्नात. हायपोथॅलॅमसमधलं ते सीआरएच ह्या ठिपक्यालाही डिवचतं. मग हा गुरख्यासारखा काठी आपटत बसतो, रात्र वैऱ्याची आहे, जागे रहा. आणि आपण अंथरुणात पडून म्हणतो मला झोप का येत नाही.

पण रात्री तीनच का? अकराला पटकन झोपते, तीनला जाग येते ती येतेच.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

तीनच्या सुमाराला तीन गोष्टी एकत्र येतात. एक, दिवसभर मेंदूत साठलेला झोपेचा दाब (अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्याचा) पहिल्या चार तासात बराचसा फिटलेला असतो. गाढ झोप बहुतेक रात्रीच्या पहिल्या भागात असते, नंतर उरते ती हलकी झोप आणि स्वप्नं. दोन, झोपेचा एक फेरा साधारण ९० मिनिटांचा, आणि फेरा संपला की सगळेच क्षणभर जागे होतात, कूस बदलतात, पांघरूण ओढतात आणि परत झोपतात, सकाळी आठवतही नाही. आणि तीन, कॉर्टिसॉल. ते मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी असतं आणि दोन-तीन वाजल्यापासनं लाटालाटांनी चढायला लागतं, सकाळी उठल्यावर अर्ध्यापाऊण तासात शिखर गाठतं. हा आजार नव्हे, ही शरीराची भूपाळी आहे, तुम्हाला उठायला ताकद लागते म्हणून शरीर पहाटेपासनं चूल पेटवायला घेतं.

म्हणजे तीनला हलकी जाग येणं हे बऱ्यापैकी नॉर्मल. प्रॉब्लेम पुढच्या दहा सेकंदात आहे. तुम्ही हात लांब करून मोबाईल बघता, ३:१२. लगेच गणित सुरू, सहाला उठायचंय, आत्ता झोपले तर पावणेतीन तास, कालही असंच झालं, उद्या मीटिंगमधे डोकं चालणार नाही. ह्या गणितानं गुरखा जागा होतो. शिवाय त्या वेळी डोक्यातला शहाणा भागही पुरता जागा नसतो, म्हणून दिवसा जी गोष्ट दोन मिनिटात मिटते ती रात्री तीनला डोंगराएवढी दिसते. मी तर घरातलं घड्याळच भिंतीकडं तोंड करून ठेवलंय. हसतात घरचे, हसू देत.

लवकर उठायचं असलं की अलार्मच्या आधीच जाग येते. हा भास आहे का?

अजिबात नाही, हे मोजून बघितलंय. जर्मनीतल्या ल्युबेक शहरात यान बॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छान प्रयोग केला, १९९९ मधे छापून आला. झोपणाऱ्यांना आधी सांगायचं की तुम्हाला सहाला उठवणार किंवा नऊला उठवणार, आणि रात्रभर रक्तातलं एसीटीएच मोजत रहायचं. ज्यांना सहाला उठवणार असं सांगितलं होतं त्यांचं एसीटीएच पाचनंतरच चढायला लागलं. ज्यांना नऊ सांगून फसवून सहाला उठवलं त्यांचं काही चढलं नव्हतं. म्हणजे माणूस ठार झोपलाय, पण त्याची वाट बघणं झोपलेलं नाही! पहाटेची एसटी पकडायची असली की आजीला गजर लागायचा नाही ते काही उगाच नव्हे.

आता माझं सांगते. सासूबाई शेवटची दीड वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. दर दोन तासांनी कूस बदलायला लागायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, आणि रात्रीची पावणेतीनची पाळी माझी. पहिले काही दिवस गजर लावला, नंतर गरजच राहिली नाही, बरोबर पावणेतीनला डोळे उघडायचे. त्या गेल्या. आणि त्यानंतर आठ महिने मी रोज पावणेतीनला टक्क जागी व्हायचे, उठून त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे सुद्धा, आणि मग आठवायचं. वर्गात हीच साखळी फळ्यावर काढणारी बाई मी, आणि मला वाटत होतं मला वेड लागतंय. बॉर्न साहेबांचा प्रयोग मी मुलींना शिकवत होते तेव्हा एकदम डोक्यात उजेड पडला की अगं, हे तर तुझंच चाललंय, शरीराला कुणी सांगितलंच नाहीये की ड्युटी संपली.

कॉर्टिसॉल वाढतं म्हणून झोप उडते, हे तरी खरं ना?

इथंच खरी मजा आहे. म्युनिकमधल्या मॅक्स प्लांक संस्थेत आक्सेल श्टायगर आणि त्यांच्या लोकांनी झोपलेल्या माणसांना ही हॉर्मोनं शिरेतनं देऊन बघितली. सीआरएच दिलं तर गाढ झोप कमी झाली, अपेक्षेप्रमाणं. पण नुसतं कॉर्टिसॉल दिलं तर? स्वप्नांची झोप कमी झाली, आणि गाढ झोप वाढली. वाढली! कारण तेच, जे वर सांगितलं, कॉर्टिसॉल मेंदूला जाऊन म्हणतं बास कर, मग सीआरएच खाली येतं. म्हणजे बऱ्याच अंशी आपण चोर सोडून संन्याशाला सुळी देतोय. झोप मोडणारे मुख्य आरोपी मेंदूतलं सीआरएच आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल हा त्यांच्या मागनं येणारा हवालदार, जो रक्तात सहज सापडतो म्हणून त्याचाच फोटो पेपरात येतो.

संन्यासी अगदी धुतल्या तांदळाचा आहे असंही नाही हं. महिनोन्महिने जास्त राहिलं तर ज्या भागांनी ब्रेक दाबायचा (हिप्पोकॅम्पस त्यातला एक) त्यांची संवेदना बोथट होते, बास म्हटलेलं ऐकूच जात नाही, आणि संध्याकाळी जे खाली यायला हवं ते वरच रेंगाळतं.

मग स्टिरॉइडच्या गोळ्यांनी माझ्या वडिलांची झोप का गेली?

कारण प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही कॉर्टिसॉलची भावंडं आहेत पण जुळी नाहीत, डोस शरीराच्या रोजच्या मापापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि घेतली संध्याकाळी तर शरीराला रात्री नऊला सकाळ झाल्यासारखं वाटतं. म्हणूनच दिवसातनं एकदाच असेल तर डॉक्टर सहसा सकाळी नाश्त्यानंतर घ्या म्हणतात. तुमच्या वडिलांचा दुसरा डोस रात्री लिहिलेला असेल तर डॉक्टरांना विचारा जरा अलीकडं घेता येईल का. पण झोप येत नाही म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही, हे मी हात जोडून सांगते. बरेच दिवस बाहेरनं मिळाल्यावर अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्त झालेल्या असतात, एकदम बंद केलं तर बीपी पडून माणूस आयसीयूत जातो.

दिवसभर मेल्यासारखं थकलेलं असतं आणि अंथरुणाला पाठ टेकली की डोकं लख्ख. असं कसं?

थकवा आणि झोप ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडीतलं पेट्रोल संपलंय आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय निघत नाहीये, दोन्ही एकदम होऊ शकतं. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात अ‍ॅलेक्झांड्रोस व्ह्गोंत्झास ह्यांनी २००१ साली जुनाट निद्रानाशाच्या ११ लोकांचं आणि नीट झोपणाऱ्या १३ लोकांचं रक्त चोवीस तास तपासलं, तर निद्रानाशवाल्यांचं एसीटीएच आणि कॉर्टिसॉल दोन्ही जास्त, आणि फरक सगळ्यात मोठा संध्याकाळी आणि रात्रीच्या पहिल्या भागात. लोक थोडे आहेत, आणि पुढच्या सगळ्याच अभ्यासात इतका ठळक फरक आला नाही हेही खरं. पण दिशा लक्षात घ्या, हे लोक झोपेला कमी पडलेले नाहीत, ते जागेपणात जास्त आहेत.

म्हणून "अगं डोळे मिटून शांत पड ना" हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. झोपायचा प्रयत्न करणं हे सुद्धा एक कामच आहे, आणि कामाला गुरखा जागाच लागतो.

एक रात्र जागरण झालं तर दुसऱ्या दिवशी हॉर्मोन बिघडतात?

थोडे बिघडतात. शिकागोत १९९७ मधे तरुणांना एक रात्र कमी झोपवलं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं कॉर्टिसॉल ३७ टक्क्यांनी जास्त, आणि अजिबात झोपू दिलं नाही तर ४५ टक्क्यांनी. ज्या वेळी उतरायचं त्या वेळी चढलेलं. म्हणजे काळजीनं झोप जाते, आणि गेलेली झोप दुसऱ्या संध्याकाळी शरीराला आणखी ताठ ठेवते. पण घाबरू नका, त्याच वेळी झोपेचा दाबही डबल साठलेला असतो, म्हणून एखाद्या जागरणानंतर बहुतेकांना दुसऱ्या रात्री चांगली झोप लागते. बिघडतं कुठं, तर दुपारी दोन तास ताणून देऊन आपण तो दाब उधळून टाकतो तिथं.

चहा किती वाजेपर्यंत?

कॅफीन अ‍ॅडेनोसिनच्या जागेवर जाऊन बसतं, झोपेचा दाब असतो पण मेंदूला कळत नाही. अर्धं कॅफीन शरीरातनं जायला साधारण पाच तास लागतात, कुणाला तीन कुणाला सात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील किंवा पोटुशी असेल तर त्याहून बराच वेळ. २०१३ च्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं तरी एक तासापेक्षा जास्त झोप कमी झाली. आता ४०० मिलिग्रॅम म्हणजे खूप झालं, एका कटिंगमधे एवढं नसतं, पण ऑफिसातली मशीनची कॉफी तीनदा, वर संध्याकाळी सातला अमृततुल्यवर दोन चहा, हिशेब करा. मी चारनंतर बंद केलाय. पाहुणे आले की फक्त कप हातात धरून बसते.

रात्री एक पेग घेतला की छान झोप लागते.

लागते. आणि तीनला मोडते. दारू उतरायला लागली की शरीर उलटा झोका घेतं, धडधड वाढते, घाम येतो, आधी दाबलेली स्वप्नं एकदम उसळतात. ह्यावर आणखी काही बोलायचं नाही.

मोबाईलचा निळा उजेड बंद केला, फिल्टर लावला, तरी फरक नाही.

उजेडानं मेलाटोनिन (अंधार पडला की सुटणारं, रात्र झाली असं सांगणारं हॉर्मोन) दबतं हे खरंय, पण माझं मत विचाराल तर उजेडापेक्षा मजकूर वाईट. रात्री साडेअकराला ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचा "उद्या बोलू" एवढाच मेसेज, पिवळ्या उजेडात वाचला काय आणि निळ्यात काय?

अश्वगंधा घेऊ का? आणि जायफळ?

अश्वगंधेवर आपल्याकडंच काही छोटे अभ्यास झालेत, दोन महिने अर्क दिल्यावर कॉर्टिसॉल कमी झालं, झोप थोडी सुधारली असं दिसलं. पण अभ्यास छोटे आहेत, आणि काही लोकांच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदीही आहेत, डेन्मार्कनं तर २०२३ मधे बंदीच घातली. थायरॉइडचं औषध चालू असेल, लिव्हरचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील तर विचारल्याशिवाय नको. आयुर्वेदिक आहे म्हणजे साइड इफेक्ट नाही, हे वाक्य माझ्या वर्गात चालत नाही.

जायफळ आपलं घरचं, दुधात सहाणेवर दोन वेढे उगाळून. तेवढ्यानं काही बिघडत नाही, कोमट दूध पीत शांत बसण्याचाच अर्धा गुण असेल. पण जास्त झोप यावी म्हणून अख्खं जायफळ किसून घालू नका, त्या प्रमाणात ते विषारी आहे, भ्रम होतो, उलट्या होतात, छाती धडधडते.

लॅबच्या फुल बॉडी पॅकेजमधे कॉर्टिसॉल आहे, करून घेऊ?

झोप येत नाही एवढ्यासाठी? नको. कॉर्टिसॉल तासातासाला लाटेसारखं वरखाली होतं, सकाळी आठचा आकडा आणि रात्रीचा आकडा ह्यात जमीनअस्मानाचा फरक, आणि सुई बघूनही काहींचं वाढतं. कुठल्यातरी वेळेला घेतलेल्या एका आकड्यावरनं तुमच्या रात्रीबद्दल काही कळत नाही. कुशिंग नावाचा खरा आजार आहे, त्यात कॉर्टिसॉल सतत जास्त असतं, चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे रुंद पट्टे येतात, दंडामांडीची ताकद जाते, जरा लागलं तर काळंनिळं होतं. त्याची शंका असेल तर डॉक्टर मध्यरात्रीची लाळ तपासायला सांगतात, कारण ज्या वेळी ते तळाला असायला हवं त्या वेळी आहे का हाच प्रश्न असतो. बाकी ते "कॉर्टिसॉल फेस" आणि "कॉर्टिसॉल डिटॉक्स" वगैरे, सकाळी तोंड सुजलेलं दिसलं म्हणजे हॉर्मोन नव्हे हो, रात्री पापड-लोणचं खाल्लं असेल.

आम्हाला शेतीची लाईट रात्रीची असते. दोनला उठून मोटर चालू करायची, पाणी धरायचं. ह्याचं काय?

हा प्रश्न माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांचा, आणि ह्याला माझ्याकडं गोड उत्तर नाही. एका आठवड्यात रात्रपाळीची लाईट, दुसऱ्यात दिवसाची, म्हणजे शरीराचं घड्याळ लागायच्या आत बदलतं. कॉर्टिसॉलचा दिवसरात्रीचा ताल हट्टी आहे, तो सूर्याला बांधलेला, पाळी बदलली म्हणून चार दिवसात बदलत नाही. त्यात अंधारात बांधावर साप, विंचू, आमच्याकडं आता बिबट्या पण, म्हणजे गुरखा झोपेलच कसा. जमेल ते एवढंच, रात्रीच्या आठवड्यात संध्याकाळी लाईट यायच्या आधी दीड-दोन तास झोप काढा (९० मिनिटं म्हणजे एक पूर्ण फेरा तरी होतो), परत आल्यावर खोली अंधारी करून झोपा, घरच्यांना सांगा उठवू नका. घरात दोन माणसं असतील तर पाळी वाटून घ्या. खरा इलाज दिवसाची वीज. तो ह्या पानावर लिहून मिळणार नाही.

कॉलसेंटर आणि नर्सिंगच्या नाईटवाल्यांना हेच, शिवाय ड्युटीनंतर घरी येताना गॉगल घाला आणि झोप काढल्याशिवाय टू-व्हीलर लांब नेऊ नका.

मोठा धक्का बसल्यावर वर्षानुवर्षं झोप न लागणं, तेही कॉर्टिसॉलच का?

इथं तर उलटंच सापडतं. धक्क्यानंतरच्या आजारात, ज्याला पीटीएसडी म्हणतात, बऱ्याच अभ्यासात कॉर्टिसॉल कमी मिळालंय आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन जास्त. ब्रेक ढिला आणि गुरखा स्वप्नातसुद्धा जागा. स्वप्नात जी सुट्टी मिळायची ती मिळत नाही, आणि काही संशोधकांचं म्हणणं आहे की त्या सुट्टीतच मेंदू कडू आठवणींची धार कमी करतो, ती न मिळाल्यानं तेच स्वप्न तसंच्या तसं परत पडतं. किल्लारीचा भूकंप आठवा, ३० सप्टेंबर १९९३, विसर्जन करून दमून लोक झोपलेले आणि पहाटे ३:५६ ला घरं अंगावर आली. अशा माणसाला झोप म्हणजेच धोका असं शरीर शिकलं तर त्यात नवल काय? ह्यावर उपचार आहेत, समुपदेशन आहे, औषधं आहेत. "विसरून जा आता" हा उपचार नव्हे.

बरं, मग करायचं काय ते सांगा.

जे सगळ्यात चांगलं तपासलंय त्याला सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायचा, गोळ्यांशिवायचा उपचार, अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या संस्थेनं २०१६ मधे जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय हाच, गोळी नंतर, असं स्पष्ट लिहिलं. त्यातले दोन तुकडे जुने आणि कडू आहेत. एक, रिचर्ड बुट्झिन ह्यांचा, १९७२ चा. अंथरूण फक्त झोपेसाठी. पंधरावीस मिनिटं (अंदाजानं, घड्याळ बघून नाही) झोप आली नाही तर उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं, पेंग आली की परत. कारण रोज दोन तास अंथरुणात तळमळलं की शरीर शिकतं अंथरूण म्हणजे तळमळायची जागा. वन रूम किचनमधे दुसरी खोली कुठनं आणायची असं विचारतात, तर ओट्यापाशी स्टूल टाकून बसा, मी लसूण सोलायचे. त्या काळात आमच्याकडं लसणाला तोटा नव्हता.

दुसरा तुकडा स्पीलमन ह्यांचा, १९८७ चा, ऐकायला उलटा. साडेपाचच तास झोप लागते ना, मग साडेपाचच तास अंथरुणात रहायचं, साडेबाराला आडवं व्हायचं आणि सहाला उठायचं, रविवारी सुद्धा. दाब साठतो, झोप सलग होते, मग दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची. पाच तासांच्या खाली जायचं नाही. आणि फिट येणाऱ्यांनी, बायपोलर असलेल्यांनी, गाडी किंवा मशीन चालवणाऱ्यांनी हे मनानं करू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

सोप्पं असं एक सांगते. अमेरिकेत बेलर विद्यापीठात ५७ तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला लावलं, निम्म्यांनी झालेली कामं लिहिली, निम्म्यांनी उद्याची. उद्याची लिहिणाऱ्यांना साधारण नऊ मिनिटं लवकर झोप लागली. गॅसचा नंबर लावणे, प्राजूची फी, टाकीवाल्याला फोन, असं बारीकसारीक. कागदावर उतरलं की डोक्यानं धरून ठेवायची गरज संपते.

आणि श्वास. मिनिटाला सहाच्या आसपास, सोडताना जास्त वेळ. त्यानं हृदयाचा वेग खाली येतो, व्हेगस नर्व्हमधनं, ह्यात चमत्कार नाही. लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ पासनं प्राणायामाचं शरीरात काय होतं ते यंत्र लावून मोजतायत, तेव्हा आपल्याकडं हे नवीन नाहीच. फक्त श्वास "झोप यावी म्हणून" करू नका, नाहीतर दहा श्वास झाले की आली का, आली का असं सुरू होतं.

मेडिकलवाला ओळखीचा आहे, अल्प्राझोलाम देतो, अर्धीच घेते.

ती चिंता दाबणारी, गुंगी आणणारी गोळी, चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, शेड्यूल एच१ ह्या सरकारी यादीत आहे, आणि कारण आहे त्याला. गुरखा गप्प होतो पण गाढ झोपही पातळ होते, काही आठवड्यात अर्धीची एक होते, आणि एकदम सोडली तर आधीपेक्षा भयानक जागरण. त्या जागरणालाच लोक म्हणतात, बघा गोळीशिवाय मला झोपच येत नाही. आधीच घेत असाल तर हळूहळू कमी करायचा तक्ता डॉक्टर देतात, स्वतः तोडू नका. म्हाताऱ्या माणसांना तर रात्री बाथरूमला जाताना पडायची भीती.

डॉक्टरकडं कधी जायचं?

आठवड्यातनं तीन रात्री, असं तीन महिने चाललंय तर जा. त्याआधी जायचं ते असं: घोरता आणि मधेच श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील (दर वेळी श्वास अडकला की स्ट्रेस हॉर्मोनचा फटका बसतो, सकाळी डोकं दुखतं, बीपी ऐकत नाही, तिथं लसूण सोलून काही होणार नाही). थायरॉइड, मेनोपॉजचे गरम झोत, पित्त वर येणं, रात्री चारचारदा लघवीला उठणं, ह्यांची कारणं वेगळी, इलाज वेगळे. आणि पहाटे चारला जाग येते, परत झोप नाही, सकाळ सगळ्यात जड जाते, कशातच गोडी नाही, असं असेल तर ते डिप्रेशन असू शकतं, त्यात ही साखळी खरोखरच जास्त चालू सापडते. जगू नये असं वाटत असेल तर आज, आत्ता बोला, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे १४४१६, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

हे सगळं केल्यावर किती दिवसात फरक पडतो?

सीबीटी-आय साधारण सहा ते आठ आठवड्यांचं असतं आणि पहिला आठवडा आधीपेक्षा वाईट जातो, हे कुणी आधी सांगत नाही म्हणून लोक चौथ्या दिवशी सोडून देतात. मला पहिल्या आठवड्यात वर्गात फळ्याकडं तोंड करून जांभया द्याव्या लागल्या. तिसऱ्या आठवड्यात एकदा उठले तर खिडकीतनं उजेड आलेला, वाटलं ट्यूबलाईट कुणी लावली, नवऱ्याला विचारलं किती वाजले, म्हणाला सव्वासहा, दूध येऊन गेलं. पावणेतीन कधी झाले ते कळलंच नव्हतं. त्यानंतरही जाग येतेच अधनंमधनं, विशेषतः सासूबाईंच्या तिथीच्या आसपास. मग ओट्यापाशी जाऊन बसते थोडा वेळ.